दवाखान्याची जागा कोण ठरवते?

सरकारी दवाखाना दुसरीकडे हलवणार ही बातमी गावात सगळ्यात शेवटी पोचते. तोवर जागेची मोजणी झालेली असते, नकाशा मंजूर झालेला असतो, कधी भूमिपूजनाची तारीखही ठरलेली असते. मग निवेदने निघतात, रास्ता रोको होतो, दवाखान्याला कुलूप ठोकण्याचे इशारे दिले जातात. लोकांचा राग खरा असतो आणि बहुतेक वेळा त्यांचे म्हणणेही बरोबर असते. पण कागद पुढे गेलेला असतो. जागा बदलाचा कागद कुठे जन्माला येतो, कोणकोणत्या टेबलांवरून जातो आणि त्याच्या वाटेत गावाच्या शब्दाला नेमके कुठे वजन आहे, हे आधी कळले तर हीच ताकद योग्य वेळी वापरता येते.

त्यासाठी उंद्रीसारखे गाव डोळ्यांपुढे ठेवू. उंद्री, म्हणजेच उदयनगर, बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात, चिखली–खामगाव रस्त्यावर आहे. एका बाजूला चिखली, दुसऱ्या बाजूला खामगाव, आणि मोठी सरकारी रुग्णालये या दोन शहरांत. मधल्या पट्ट्यात सोयाबीन, कपाशी, तुरीची शिवारे आणि त्यांत विखुरलेली खेडी. शहरातल्या माणसाला दवाखाना दोन किलोमीटर सरकला तर विशेष काही वाटणार नाही. या पट्ट्यात त्याच दोन किलोमीटरमुळे कोण दवाखान्यात जाईल आणि कोण घरीच अंगावर काढेल, हे ठरते.

आधी रचना पाहू. ग्रामीण भागातील सरकारी आरोग्यसेवा तीन पायऱ्यांची आहे. सपाट प्रदेशात साधारण 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 मागे एक ग्रामीण रुग्णालय, असे प्रमाण आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे 3,000, 20,000 आणि 80,000 असे खाली येतात. या कल्पनेचे मूळ 1946 च्या भोर समितीच्या अहवालात आहे. तिने नजीकच्या काळासाठी 40,000 लोकांमागे एक केंद्र सुचवले होते आणि 1952 मध्ये समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर अशी केंद्रे देशात उघडू लागली. म्हणजे हिशेबाचा पाया पहिल्यापासून डोकी मोजण्याचा आहे. अंतराचा विचार त्यात आहे, पण दुय्यम. आजच्या बहुतेक तक्रारी या पायातूनच येतात. कागदावर 30,000 लोकांना एक केंद्र मिळालेले असते. त्यांतले किती जण पायी तिथे पोचू शकतात, हा रकाना त्या कागदावर नसतो.

दुसरी गोष्ट मालकीची. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे असते. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961 चा आणि जिल्हा परिषदा 1962 मध्ये सुरू झाल्या, तेव्हापासून ही व्यवस्था चालत आली आहे. तिथला प्रमुख अधिकारी जिल्हा आरोग्य अधिकारी आणि त्याच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे, आणि त्यांचा जिल्ह्यातला प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. अनेक निवेदने पहिल्याच पावलाला चुकतात ती इथे. प्राथमिक केंद्राबद्दलचा अर्ज शल्यचिकित्सकांकडे गेला, की तो पुढे पाठवण्यातच आठवडे जातात.

हलवणे चार प्रकारचे

दवाखाना हलणार असे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की नेमके कोणत्या प्रकारे हलणार? कारण प्रत्येक प्रकारात निर्णय घेणारा वेगळा आहे.

सगळ्यात साधा प्रकार तात्पुरत्या हलवण्याचा. जुनी इमारत पाडून तिथेच नवी बांधायची असते, म्हणून दवाखाना भाड्याच्या घरात, समाजमंदिरात किंवा शाळेच्या मोकळ्या खोल्यांत जातो. गावाला याचा फारसा राग नसतो. तरी सावध राहावे. बांधकाम रखडले की तात्पुरती जागा वर्षानुवर्षे टिकते, आणि तिथे प्रसूतीची खोली नसेल तर तेवढ्या काळात गावातल्या प्रसूती बंद पडतात. म्हणून तात्पुरत्या जागेतही प्रसूती आणि लसीकरण चालू राहील का, हे लेखी घ्यावे.

दुसरा प्रकार गावातल्या गावात जागा बदलण्याचा. जुनी इमारत गावठाणाच्या मध्यात, नवी मात्र गावाबाहेर. वाद बहुतेक इथेच होतात आणि त्यामागचे कारण जमीन हे आहे. त्याकडे पुढे सविस्तर येतो.

तिसरा प्रकार मुख्यालय दुसऱ्या गावी नेण्याचा. हा स्थळ बदल. प्राथमिक आरोग्य केंद्र गावाच्या नावाने मंजूर झालेले असते. राज्य सरकार लोकसंख्येवर आधारित बृहत् आराखडा करते आणि कोणत्या गावी केंद्र, कोणत्या गावी उपकेंद्र हे शासन निर्णयाने ठरते. त्यामुळे मंजूर स्थळ बदलायचे तर प्रस्ताव जिल्ह्यातून निघून मंत्रालयापर्यंत जातो. हा मार्ग लांब आहे, आणि गावाच्या दृष्टीने ती चांगली गोष्ट आहे, कारण बोलायला वेळ मिळतो.

चौथ्या प्रकाराला श्रेणीवर्धन म्हणतात. केंद्राचे ग्रामीण रुग्णालय होते, खाटा वाढतात, गावात पेढे वाटले जातात. मात्र एकाच गावात रुग्णालय आणि प्राथमिक केंद्र दोन्ही कशाला, असा प्रश्न मग प्रशासन विचारते आणि प्राथमिक केंद्र त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या गावी हलवण्याचा प्रस्ताव येतो. त्यात तर्क आहे. पण या दोन संस्थांची कामे वेगळी आहेत. रुग्णालय आलेल्या रुग्णाला बघते. प्राथमिक केंद्र उपकेंद्रे चालवते, आरोग्यसेविकांना गावोगाव पाठवते, लसीकरण करते, साथ आली तर घरोघर जाते. श्रेणीवर्धन होताना हे दुसरे काम कोण आणि कुठून करणार, हे गावाने विचारलेच पाहिजे.

खासगी डॉक्टरांची गोष्ट निराळी. गावातला जुना डॉक्टर दवाखाना बंद करून तालुक्याला गेला तर त्याला थांबवणारा कायदा नाही. खाटा असलेल्या रुग्णालयाला 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, पण ती रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आहे, गावाच्या सोयीसाठी नाही. म्हणूनच सरकारी केंद्राच्या जागेचा आग्रह धरायला हवा. गावाला जाब विचारता येईल असा तो एकच दवाखाना उरतो.

गावाबाहेरच का?

आता जमीन. प्राथमिक आरोग्य केंद्राला इमारतीशिवाय कर्मचारी निवासस्थाने, पाण्याची टाकी, जैववैद्यकीय कचऱ्याचे खड्डे आणि रुग्णवाहिका वळण्याइतकी जागा लागते. गावठाणात एवढा मोकळा तुकडा सहसा नसतो. जिल्हा परिषदेकडे इमारतीसाठी निधी येतो. तो राष्ट्रीय आरोग्य अभियानातून असेल, जिल्हा वार्षिक योजनेतून असेल किंवा वित्त आयोगाच्या अनुदानातून. या निधीतून खासगी जमीन विकत घेणे क्वचितच जमते. मग फुकट जमीन शोधली जाते. ती दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे गायरान किंवा इतर सरकारी जमीन, जी बहुधा गावाच्या कडेला असते. दुसरी म्हणजे एखाद्या दात्याने बक्षीसपत्राने दिलेली जमीन. दात्याचे मन मोठे असते यात शंका नाही. पण दान केलेला तुकडा कुठे आहे, तिथे जायला बारमाही रस्ता आहे का, पावसाळ्यात मध्ये नाला अडवतो का, हे प्रश्न संकोचामुळे कोणी विचारत नाही.

माझ्या मते या विषयातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य हे आहे: सरकारी दवाखान्याची जागा रुग्ण कुठून येतात यावरून ठरत नाही, फुकट जमीन कुठे मिळते यावरून ठरते. अधिकाऱ्यांच्या मनात खोट असते म्हणून असे होते, असे नाही. निधी एका आर्थिक वर्षात खर्च करायचा असतो आणि जागेची कागदपत्रे नसतील तर तो परत जातो. त्या घाईत पहिला स्वच्छ सातबारा जिंकतो.

कागदाची वाट अशी. वैद्यकीय अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकारी इमारत मोडकळीला आल्याचा अहवाल देतो. जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग पाहणी करून ती धोकादायक ठरवतो. जिल्हा आरोग्य अधिकारी नव्या बांधकामाचा प्रस्ताव तयार करतो आणि ग्रामपंचायतीकडे जागेचा ठराव मागतो. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मधे जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे आणि सर्वसाधारण सभेपुढे विषय येऊ शकतो. 2022 पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासक होते, आणि प्रशासक असताना समितीचे अधिकारही त्याच्याच हाती जातात. लोकप्रतिनिधीची एक पायरी मग गळून पडते आणि गावाला थेट प्रशासनाशी बोलावे लागते. प्रकरण जिल्ह्याबाहेर गेले तर बुलढाण्यासाठी आरोग्य सेवा उपसंचालकांचे कार्यालय अकोल्याला आहे आणि त्याच्यावर मुंबईतला विभाग.

या साखळीत गावाच्या सहीला खरी किंमत आहे ती एकाच ठिकाणी, जागेच्या ठरावाला. जमीन ग्रामपंचायतीच्या ताब्यातली असेल तर तिच्या ठरावाशिवाय गाडी पुढे जात नाही. सरकारी गायरान असेल तर निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा, पण तिथेही ग्रामपंचायतीचा ठराव मागितला जातो. एकदा कार्यारंभ आदेश निघाला की ठेकेदाराचे हितसंबंध, खर्च झालेला पैसा आणि पदाधिकाऱ्यांची प्रतिष्ठा हे सगळे त्या जागेला चिकटते. पाया खोदल्यावर जागा बदलणे जवळपास अशक्य असते. हे सगळे माहीत असूनही अनेक गावांत हा ठराव मासिक सभेत, सात-आठ सदस्यांच्या सह्यांनी, इतर दहा विषयांच्या मधे उरकला जातो. तो ग्रामसभेत, जागेचा नकाशा भिंतीवर लावून व्हायला हवा.

हेलपाट्यांचा हिशेब

अंतर वाढल्याने फरक पडतो हे भावनेने सांगून भागत नाही, हिशेब मांडावा लागतो. 1850 च्या सुमारास अमेरिकेतले एडवर्ड जार्विस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्णालयात कोणत्या भागातून किती रुग्ण येतात ते मोजले, तेव्हा जवळच्या भागातून पुष्कळ आणि लांबून कमी, असे चित्र दिसले. लांबच्या लोकांना आजार कमी होता असे नव्हे, ते आलेच नव्हते. 1994 मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मातामृत्यूंचा अभ्यास करताना उशिराचे तीन टप्पे सांगितले: जायचे ठरवायला लागलेला उशीर, पोचायला लागलेला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला उशीर. जागा बदलली की मधला टप्पा उघडच लांबतो. पण पहिलाही लांबतो, कारण लांब जायचे म्हटले की घरातले लोक सकाळपर्यंत थांबू या म्हणतात.

एका फेरीचा विचार करणे ही प्रस्तावातली नेहमीची चूक असते. आजार एका फेरीत संपत नाही. कुत्रा चावला तर रेबीजच्या लशीसाठी पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावे लागते. गरोदर बाईच्या किमान चार तपासण्या. बाळाच्या लशी जन्मापासून सुरू होऊन पुढे पुन्हा पुन्हा. क्षयरोगाचा उपचार सहा महिने. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या दर महिन्याला, जन्मभर. मजुरी करणाऱ्या घरात प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो, आणि रुग्णासोबत दुसरे कोणी गेले तर दोन रोज. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. केसपेपरचे पैसे वाचले खरे, पण बुडालेला रोज कोणी भरून देत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला माणूस जायचे थांबतो, आणि अर्धवट राहिलेली रेबीजची लस किंवा क्षयरोगाचा उपचार म्हणजे जिवावरचा धोका.

बसची सोय आहे ना, असे उत्तर लगेच मिळते. ते तपासून घ्यावे. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. ही मोठी सोय आहे आणि तिच्यामुळे अनेक बाया एकट्या प्रवास करू लागल्या. मात्र सवलत असली तरी बस असावी लागते. दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत पोचवणारी आणि परत आणणारी फेरी कोणत्या गावातून आहे, याचा तक्ता प्रस्तावासोबत जोडलेला मी कधी पाहिला नाही. बस नसेल तिथे काळीपिवळी किंवा ऑटो, आणि त्यात सवलत नाही.

मग शेतातले धोके. चिखली-खामगाव पट्ट्यात सापाचा दंश ही पावसाळ्यातली रोजची भीती आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 मृत्यू होतात असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे, आणि त्यातले बहुसंख्य ग्रामीण भागातले. विषारी दंशात प्रतिविष किती लवकर सुरू होते यावर सगळे अवलंबून असते. प्राथमिक केंद्रात त्याच्या कुप्या असतील आणि केंद्र जवळ असेल, तर पुढच्या रुग्णालयाच्या प्रवासात माणूस जगतो. कपाशीवरच्या फवारणीचेही तसेच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या प्रसंगाने विदर्भाला एवढे तरी शिकवायला हवे की पहिला डॉक्टर शिवाराच्या जवळ हवा.

दुसरी बाजूही खरी आहे

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की जागा बदलण्याची कारणे नेहमी खोटी नसतात. जानेवारी 2021 मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून 10 बालके गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून 11 रुग्ण दगावले. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचा आणि इमारतींच्या स्थितीचा प्रश्न ऐरणीवर आला. छत गळणारी, वायरिंग उघडी पडलेली, एकच दार असलेली प्रसूतीची खोली चालू ठेवा, असा आग्रह गावाने धरू नये. जवळचा धोकादायक दवाखाना आपल्या माणसांसाठी चांगला नाही.

रस्त्यालगतच्या जागेचाही फायदा आहे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात जानेवारी 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली. गावातल्या अरुंद बोळात ही गाडी अडकते, हमरस्त्यावरच्या केंद्रातून ती पाच मिनिटे आधी निघते. अत्यवस्थ रुग्णासाठी ती पाच मिनिटे मोलाची असतात. तोट्यात कोण जाते तर काठी टेकत येणारी म्हातारी आणि तान्हे मूल कडेवर घेतलेली बाई, कारण त्यांना आता भरधाव ट्रकांचा रस्ता ओलांडावा लागतो. दोघांची गरज खरी आहे. म्हणून चांगला उपाय बहुधा मधला असतो: रस्त्यालगत पण गावाच्याच बाजूला, आणि गतिरोधकासह.

केंद्र गावाबाहेर गेले की आणखी एक गोष्ट घडते, जी प्रस्तावात लिहिलेली नसते. डॉक्टर आणि परिचारिकांनी मुख्यालयी राहावे असा नियम आहे. इमारत आधी उभी राहते, निवासस्थाने पुढच्या टप्प्यात, आणि पुढचा टप्पा येत नाही. आजूबाजूला वस्ती नाही, रात्री दिवा नाही, पाण्याचा टँकर. अशा ठिकाणी एकटी परिचारिका रात्रपाळी कशी करणार? ती संध्याकाळी तालुक्याच्या गावी परत जाते. अप-डाउन सुरू होते आणि रात्रीची प्रसूती खामगाव-चिखलीच्या वाटेवर. दोष तिचा नाही. सुरक्षित निवासस्थान आणि पाणी यांशिवाय हलवलेला दवाखाना दिवसाचा दवाखाना होतो.

लशींचेही पाहावे. केंद्रातल्या शीतसाखळीच्या फ्रीजमध्ये तापमान 2 ते 8 अंशांत राखावे लागते आणि सगळी उपकेंद्रे तिथूनच लशी नेतात. नव्या इमारतीत भरवशाची वीज आणि पर्यायी सोय नसेल तर एका रात्रीत पूर्ण क्षेत्राच्या लशी वाया जाऊ शकतात. हलवाहलवीच्या दिवशी लशी कुठे ठेवणार, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी विचारावा.

महाराष्ट्राने याहून मोठे स्थलांतरही पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावे नव्या जागी पूर्ण नव्याने वसवली गेली. घरे पक्की झाली, रस्ते रुंद झाले, पण शहरी आखणीमुळे गावे ऐसपैस पसरली आणि एका टोकाच्या घरातून दुसऱ्या टोकाच्या सोयीपर्यंतचे पायी अंतर वाढले. या अनुभवांतून कायदाही काही शिकला. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसित वसाहतीसाठी दोन किलोमीटरच्या आत आरोग्य उपकेंद्र हवे असे लिहिले आहे. नांदुरा तालुक्यातल्या जिगाव प्रकल्पासारख्या धरणामुळे उठणाऱ्या गावांना ही तरतूद सांगण्यासारखी आहे. धरणाने हललेल्या गावाला कायदा अंतराचे बंधन घालून देतो. दवाखाना हलला आणि गाव जागेवर राहिले, तर तसे बंधन नाही. ही तफावत दूर व्हायला हवी.

इंग्लंडमध्ये डॉक्टरांना आपला दवाखाना दुसरीकडे न्यायचा असेल किंवा शाखा बंद करायची असेल तर स्थानिक आरोग्य मंडळाची मंजुरी लागते आणि नोंदणी असलेल्या रुग्णांचे म्हणणे घ्यावे लागते. तिथेही वाद होतात, पण रुग्णाला आधी विचारले जाते. आपल्याकडे तशी स्पष्ट पायरी नाही, म्हणून उपलब्ध असलेल्या पायऱ्या गावाने स्वतः चढाव्या लागतात.

काय हातात आहे

पहिले माहितीचा अधिकार. 10 रुपयांच्या शुल्कासह जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा निवडीचा प्रस्ताव, जुन्या इमारतीचा तपासणी अहवाल, विचारात घेतलेल्या इतर जागा आणि गावनिहाय अंतराचा तक्ता मागावा. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. 2005 च्या या कायद्याचे कलम 4 तर त्याही पुढे जाते. लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि बाधित व्यक्तींना कारणे द्यावीत, असे ते सांगते. निवेदनात या कलमाचा उल्लेख केला की कागदाचे वजन वाढते.

दुसरे ग्रामसभा. तिला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. त्याआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे, आणि या विषयात ती उरकून टाकू नये. दवाखान्यात सगळ्यात जास्त फेऱ्या बायांच्या होतात. रात्री कोणत्या रस्त्याने जाता येते आणि कोणत्या नाही, हे त्यांना माहीत असते. ठरावात नुसता विरोध न लिहिता पर्यायी जागेचा गट क्रमांक, प्रत्येक वाडी-वस्तीपासूनचे पायी अंतर आणि आवश्यक अटी लिहाव्यात. स्पष्टच सांगायचे तर मंजूर केंद्राच्या स्थळाबाबत ग्रामसभेचा ठराव शासनावर बंधनकारक नाही. पण कारणांसहित ठराव डावलायचा तर अधिकाऱ्याला लेखी कारण द्यावे लागते, आणि पुढे कधी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले तर तो ठराव पुरावा म्हणून उभा राहतो. न्यायालय सहसा जागा ठरवत नाही. निर्णय घेताना बाधितांचे ऐकले का, कारणे दिली का, एवढे तपासते.

तिसरी रुग्ण कल्याण समिती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झाले आणि पुढे प्रत्येक केंद्राला अशी समिती मिळाली. तिच्यात लोकप्रतिनिधी असतात. तिच्या इतिवृत्तात जागेचा विषय आला आहे का, हे पाहावे. 2007 पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. त्यात गावकरी केंद्राला गुण देत आणि जनसुनवाईत अधिकारी समोरासमोर उत्तरे देत. जनसुनवाई भरवायला कुठल्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. केंद्राखालच्या सगळ्या गावांनी मिळून ती मागितली तर तालुका आरोग्य अधिकारी सहसा नाकारत नाहीत.

सगळ्या गावांनी मिळून, हे इथे फार महत्त्वाचे आहे. केंद्र एका गावात असले तरी ते त्या एकट्या गावाचे नाही. मुख्यालयाचे गाव आपला दवाखाना जातो म्हणून भांडते, ज्या गावी तो येणार ते आनंदी असते, आणि मधल्या लहान वस्त्यांना कोणी विचारत नाही. खरे तर त्यांचेच अंतर सगळ्यात जास्त बदलते. अभिमानाचा वाद बाजूला ठेवून क्षेत्रातल्या सगळ्या ग्रामपंचायतींनी एकच तक्ता तयार करावा: गाव, जुन्या जागेचे अंतर, नव्या जागेचे अंतर, बसच्या फेऱ्या, वाटेतले नाले. आशाताई आणि अंगणवाडी सेविका हा तक्ता एका आठवड्यात भरून देऊ शकतात. बाळंतपणानंतर सहा भेटी देणाऱ्या आशाताईइतके त्या वाटा दुसऱ्या कोणालाच माहीत नसतात.

आणि हलवणे टळत नसेल तर गावात काय उरेल ते लिहून घ्यावे. जुन्या इमारतीचा सुरक्षित भाग उपकेंद्र म्हणून राहील का? आठवड्यातले ठरावीक दिवस डॉक्टर तिथे बसतील का? रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या तिथेच मिळतील का? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जामखेडला गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यसेवा दारापर्यंत नेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळाची काळजी घरात घेता येते हे दाखवले आणि 1999 मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये आले. दोन्ही कामांचा धडा असा की इमारत लांब असली तरी सेवा जवळ ठेवता येते, मात्र ती आपोआप राहत नाही. मुद्दाम माणसे नेमावी लागतात, औषधे पोचवावी लागतात.

उंद्रीत असो की कुठल्याही गावात, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दवाखान्याच्या इमारतीचा विषय आला तर जागेचा सातबारा, नकाशा आणि अंतराचा तक्ता पाहिल्याशिवाय हात वर करू नका.